टोपल्यातली एक भाकर

त्या पोराचा मला अजून राग येतो. खरं तर ते कधी जन्मालाच आलं नव्हतं. कुण्या चित्रकारानं काढलेलं कॅलेंडरावरचं पोर होतं ते. गोरंपान, कुरळ्या जावळाचं, मनगटांना वळ्या पडलेलं. मागं रेशमी साडीतली त्याची आई आणि बाजूला दुधाच्या पावडरचा डबा. वर्ष संपलं, तारखांची पानं फाटून चुलीत गेली, पण चित्र काही आईनं काढू दिलं नाही. आमच्या ओसरीच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, ते पोर कित्येक वर्षं हसत राहिलं. येणारी-जाणारी बाई त्याच्याकडं बघून म्हणायची, लेकरू असावं तर असं. आणि पहिले काही महिने त्याच भिंतीखाली बाजेवर माझी भाची पडलेली असायची, पाप्याचं पितर झालेली. तिच्याकडं बघून कुणी काही म्हणत नसे.

मी तेव्हा सहावीत होते. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मास्तर नव्या राज्याचा नकाशा मोठ्या कौतुकानं काढायला लावायचे. आमचं गाव चिखलीच्या रस्त्याला, एसटी फाट्यावर थांबायची. घरची जमीन बऱ्यापैकी, कापूस, ज्वारी, थोडा भुईमूग. खाऊन-पिऊन सुखी घर आहे, असं लोक आमच्याबद्दल म्हणत. त्यात खाऊन कोण आणि पिऊन कोण, हे मात्र कोणी विचारत नसे.

जेवणाचा क्रम ठरलेला होता. आधी बाबा, दादा आणि शेतावरचा गडी. मग दादाचा मुलगा. मग मी, कारण मला शाळा. मग आई. सगळ्यांत शेवटी वहिनी. हा क्रम कुणी ठरवला, असं मी एकदा आईला विचारलं, तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू सूर्य पूर्वेलाच का उगवतो असं मी विचारलं होतं. जिनं चुलीपुढं बसून सगळ्या भाकरी थापल्या, तिनं शेवटी जेवायचं. मला तेव्हाही हे पटत नव्हतं आणि आता तर नुसतं आठवलं तरी डोकं तापतं.

त्यात आणखी एक रीत होती. भाकरीचं टोपलं रात्री रिकामं ठेवायचं नाही. रिकाम्या टोपल्याच्या घरात लक्ष्मी थांबत नाही म्हणे. म्हणून शेवटची एक भाकर फडक्यात गुंडाळून टोपल्यात राहिलीच पाहिजे. रीत म्हणून तिला मी नावं ठेवत नाही. अवेळी कोणी दारात आलं तर त्याला विन्मुख पाठवू नये, एवढाच तिचा अर्थ असणार. पण ती रीत कुणाच्या पोटावर पाय देऊन उभी होती, ते बघा. वहिनी जेवायला बसायची तेव्हा टोपल्यात दोन भाकरी असायच्या, कधी दीड. त्यातली एक लक्ष्मीची. बाबा ओसरीवरून रोज विचारायचे, भाकर उरली का? आई आतून म्हणायची, हाव, उरली. यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. टोपल्यात भाकर उरलेली असायची आणि वहिनी अर्धपोटी उठायची. सकाळी ती शिळी भाकर कुत्र्यापुढं पडायची.

कुणी म्हणेल, मग एक भाकर जास्त थापायची. थापली जायची की. पण तव्यावरून उतरलेली गरम भाकर पुढं आली की पुरुषाला नको म्हणवत नाही, आणि बाईला आहे म्हणवत नाही. जास्तीची भाकर कुणाच्याही ताटात जायची, फक्त थापणारीच्या जात नसे.

त्या वर्षी पौषात आमची म्हैस व्याली आणि त्याच महिन्यात वहिनी बाळंत झाली. वहिनीचं पहिलं बाळंतपण माहेरी, मोताळ्याकडं झालं होतं. तिथून ती आली तेव्हा अंगानं भरलेली होती, आणि दादाचा मुलगा तिच्या दुधावर वाघासारखा वाढला. दुसरं बाळंतपण सासरी, ही पद्धत. आणि दुसरी मुलगी झाली.

तिला काहीच मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. डिंकाचे लाडू झाले. मुलगी म्हटल्यावर त्यातलं खोबरं जरा कमी झालं आणि खारका जरा मोजक्या पडल्या, पण झाले. सव्वा महिना तिला बाजेवर ताट मिळालं. मग बाज सुटली, लाडू संपले, आणि वहिनी परत चुलीपुढं, परत शेवटच्या पंगतीला. म्हशीचा सव्वा महिना मात्र काही संपला नाही. तिच्यासाठी ज्वारीचा भरडा, गूळ, मेथ्या घालून रोज मोठा गंज, म्हणजे पातेलं, भरून शिजायचा. वरून सरकी आणि पेंडीची ढेप. बाबा स्वतः गोठ्यात उभे राहून बघायचे, म्हशीनं घमेलं चाटून पुसून साफ केलं की नाही. ते शिजवायचं काम वहिनीचं, घमेलं गोठ्यात न्यायचं काम वहिनीचं आणि दूध काढायचंही काम तिचंच, कारण बाज सुटल्यावर ती एकदा बसली आणि मग म्हैस तिच्याच हाताला दूध द्यायला लागली. दूध सकाळच्या एसटीनं कॅनमधून चिखलीला एका हॉटेलात जायचं. घरात राहायचं ते पुरुषांच्या चहापुरतं.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, पान्हा. म्हशीलाही पान्हा फुटतो आणि बाईलाही. शब्द एकच. पण म्हशीचा पान्हा तिच्या पोटात काय जातं त्यावर असतो, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. बाईचा पान्हा मात्र नशिबावर, नजरेवर, फार तर देवीच्या कोपावर. एका छपराखाली, एका गोठ्याच्या आणि एका स्वयंपाकघराच्या अंतरावर, हे दोन कायदे सुखानं नांदत होते आणि कुणालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

वहिनीचं दूध आटायला लागलं. पोर रात्रंदिवस किरकिर करायची, ओढून ओढून दमायची आणि रडत झोपायची. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. देवीला ओटी भरली. शेजारणी येऊन बघून गेल्या आणि एकीनं तर तोंडावर सांगितलं की ही पान्हा चोरते. मुलगी झाली म्हणून मनातून पाजत नाही. वहिनी पदर ओढून बसली होती. इतक्या बायका तिच्याभोवती बसल्या होत्या, सगळ्यांनी पोरं पाजलेली, आणि आज काय जेवलीस व, एवढं एक वाक्य त्यांच्यातल्या एकीच्याही तोंडून निघालं नाही. पुरुषांचा राग येतो तो वेगळा. हा राग वेगळाच आहे.

दादा कापूस घेऊन चिखलीला गेला होता. बाजाराच्या दिवशी तिथं जाहिरातीची मोटार आलेली. भोंगा लावलेली, मागं पांढरा पडदा. दिवेलागणीला त्या पडद्यावर त्यांनी सिनेमा दाखवला आणि दादा तो बघून आला. घरी येऊन त्यानं तो आम्हाला इतक्या वेळा सांगितला की मी न बघताही मला तो पाठ झाला. एक बाई असते, तिचं बाळ रडत असतं, तिला दूध पुरत नसतं. मग तिचा नवरा डबा घेऊन येतो. ती कोऱ्या चमच्यानं पावडर घेते, पाण्यात ढवळते, बाळ पितं आणि हसतं. नवरा हसतो. मग तिघं मिळून आपल्याकडं बघून हसतात. शेवटी पाटलोण घातलेला एक माणूस मोटारीतून उतरून सगळ्यांना ग्लासातून तेच दूध चाखायला देतो आणि डबा घेणाऱ्याला कॅलेंडर फुकट.

मी नंतर ते कॅलेंडर पुष्कळ वेळा निरखून बघितलं. त्या बाईच्या मागं चूल नव्हती, सासू नव्हती, हातावर भाकरीचा चटका नव्हता. आणि तिच्या पुढ्यात ताट नव्हतं. ही गोष्ट मला फार उशिरा उमगली आणि मग मी ती सगळीकडं शोधायला लागले. वनस्पती तुपाच्या जाहिरातीत बाई पुऱ्या वाढते. चहाच्या जाहिरातीत बाई कप पुढं करते. बिस्किटाच्या पुड्यावर बाई मुलाच्या तोंडात घास देते. त्या काळच्या कुठल्याही चित्रात मला घास चावणारी आई दिसली नाही. तिच्या हातात नेहमी दुसऱ्याचं ताट आणि तोंडावर हसू. आमच्या घरातही तेच होतं, फक्त हसू तेवढं नव्हतं.

दादा वाईट नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्याचा जीव त्या पोरीवर होता आणि बायकोवरही होता. म्हणूनच तो एवढा महागाचा डबा घेऊन आला. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून, माय, इले एक भाकर जास्त वाढ, हे त्याच्या तोंडून निघालं नसतं. डबा आणणारा बाप कर्तबगार आणि भाकर वाढ म्हणणारा बायकोचा बैल. त्या मोटारवाल्यांना आमचं गाव माहीत नव्हतं, पण आमच्या घरातली ही फट मात्र त्यांना बरोबर सापडली होती. त्यांनी पुरुषाच्या हातात असं काही दिलं की त्याला बायकोची काळजीही घेता यावी आणि लाजही वाटू नये. बायकोच्या पोटात काही जायची गरज नव्हती.

डबा फडताळात, तुपाच्या बरणीशेजारी विराजमान झाला. वरचं सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी तेव्हा मांजर आणि उंदीर यांच्यापलीकडं गेलं नव्हतं. चित्रात चमचा काठोकाठ भरलेला दिसत होता, ते मी आईला दाखवलंही. पण आईनं आपला हिशेब केला. एवढी दाट पावडर लेकराला जड जाईल. आणि डबा पुरवून पुरवून वापरला पाहिजे. ज्या हातानं ती भाकरीचं पीठ बेतानं घ्यायची, त्याच हातानं तिनं पावडरही बेतानं घेतली. चमच्याचं टोक बुडवायचं आणि बाटली पाण्यानं भरायची. पाणी विहिरीचं, बाटली राखेनं घासलेली. पाण्याला जरा पांढरा रंग आला की झालं दूध.

पोरीला हगवण लागली. डोळे आत गेले, टाळू खोल झाली. आई म्हणाली, दात येण्याचं असेल. त्या वयात कुठले दात? पण डब्याला कुणी नाव ठेवेना. डबा शहरातून आला होता, त्याच्यावर इंग्रजी होतं, त्याच्यावर ते पोर होतं. त्याची चूक असूच शकत नव्हती. मग चूक कुणाची? जिची नेहमी असते तिची. इचं दूध पहिलेच बाधलं असन, असं आई म्हणाली, आणि वहिनीला पोर छातीशी लावायलाही मनाई झाली.

त्यानंतरच्या एका सकाळी ते घडलं. शाळेला सुटी होती. मी गोठ्याजवळ शेण्या रचत होते. वहिनी भरड्याचा गंज घेऊन आली, घमेल्यात उपडा केला आणि ढेप कालवायच्या आधी खाली बसली. वाफ येत होती. गूळ आणि मेथ्यांचा वास माझ्यापर्यंत आला. तिनं म्हशीकडं एकदा पाहिलं आणि घमेल्यात हात घातला. एक घास खाल्ला. मग दुसरा. मग ती खातच सुटली. हात भाजत होता, ती फुंकर घालत होती आणि खात होती. मी आजवर तिला जेवताना नीट पाहिलंच नव्हतं, कारण ती जेवायची तेव्हा आम्ही सगळे उठलेले असायचो. भुकेला माणूस खातो तेव्हा तो सुंदर दिसत नाही. ती तशीच दिसत होती, आणि मला वाटलं की आत्ता या क्षणी कुणी तिच्या हाताला हात लावला तर मी त्याला शेणीनं मारीन.

बाबा आले. रेडकाला सोडायला आले होते, दारातच थांबले. वहिनी उठली, पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत आला, हाताला भरडा तसाच. ते रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. अगदी शांतपणे, काळजीनं बोलले, जसं शेतात काही चुकीचं होताना दिसलं की बोलायचे.

"म्हशीचं खाल्लं तं म्हैस आटन."

म्हणजे त्यांना माहीत होतं. हे मी किती वेळा स्वतःशी म्हटलं असेल. त्यांना सगळं माहीत होतं. कुणाच्या पोटात गेलं नाही की दूध आटतं, हे त्यांना कुठल्याही सिनेमापेक्षा नीट माहीत होतं. ते फक्त गोठ्यात माहीत होतं.

त्या काळी सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नसे. बोलायचंच असलं तर मधल्या कुणाला तरी सांगायचं. वहिनी माझ्याकडं वळली. तोंड पदरात, पण आवाज स्वच्छ होता.

"वन्सबाई, विचारा त्याईले. खायाले नसलं तं म्हैस आटते, मंग बाई आटत नसन का?"

मला विचारायची गरज पडली नाही. बाबा तीन हातांवर उभे होते. रेडकू सोडलं आणि निघून गेले. दुपारी आईनं भरडा शिजवायचं काम स्वतःकडं घेतलं. शिक्षा म्हणून कुणी काही सुनावलं नाही, फक्त गंज हलला. आमच्या घरात बायकांना मारहाण होत नसे, याचा आईला अभिमान होता.

पण म्हशीला ही व्यवस्था मान्य नव्हती. म्हणजे असं झालं की दुसऱ्या दिवशी वहिनी दूध काढायला बसली आणि तिचा हात चालेना. ती उठली आणि आईला म्हणाली की हातात जोर नाही, तुम्ही बसा. ते खरं होतं की तिचा डाव होता, मला आजही सांगता येणार नाही. ती स्वतःही कधी बोलली नाही. आई बसली तर म्हशीनं लाथ झाडून भांडं उडवलं. बाबा बसले तर म्हशीनं पान्हा चोरला, सड ओढून ओढून ते घामाघूम झाले आणि भांड्यात तळापुरतं दूध. त्या दिवशी चिखलीचा कॅन अर्धा गेला. पुढल्या दिवशी गेलाच नाही. हॉटेलवाल्याचा एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला की जमत नसेल तर सांगा, देऊळघाटचा एक जण द्यायला तयार आहे.

तेव्हा कुठं बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. मी त्यांना तिथं उभं राहिलेलं फार कमी वेळा पाहिलंय. आईला म्हणाले, "आंधी तिले खाऊ घाल. मंग बसव म्हशीखाली."

हेच वाक्य दादानं म्हणायचं होतं. हेच वाक्य शेजारणींनी म्हणायचं होतं. ते शेवटी म्हटलं गेलं, पण पोरीसाठी नाही आणि पोरीच्या आईसाठीही नाही. म्हशीसाठी. माझ्या वहिनीला या घरात पहिल्यांदा पोटभर खायला मिळालं ते चिखलीच्या हॉटेलातल्या चहासाठी. लोक म्हणतात, मिळालं ना, मग झालं. माझं काही झालं नाही. मला अजून ते गिळवत नाही.

आई रोज सकाळी तिला भरड्याची वाटी द्यायला लागली, गूळ घातलेली. मग वाटीचं ताटलं झालं. वहिनी आधी खायची आणि मग म्हशीखाली बसायची, आणि म्हैस शहाण्यासारखी दूध द्यायची. मनाई कुणी उठवली नव्हती, पण वहिनी गोठ्यात पोरीला घेऊन जायची आणि तिथं पाजायची. चारा ठेवायच्या कोपऱ्यात, गोणपाटावर बसून. मी दारात शेण्या रचत बसायचे. एवढ्या शेण्या मी आयुष्यात कधी रचल्या नाहीत. हळूहळू तिलाही पान्हा फुटला. बाटली दाखवण्यापुरती भरायची आणि ओतून द्यायची. एके दिवशी तिनं डब्यातली उरलेली सगळी पावडर माझ्यादेखत म्हशीच्या घमेल्यात ओतली, ढेपीबरोबर कालवली आणि म्हैस मिटक्या मारत ती खाऊन मोकळी झाली. आम्ही दोघी तोंडावर पदर आणि हात दाबून इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. त्या डब्यानं आमच्या घरात कुणाचं बरं केलं असेल तर त्या म्हशीचं.

पोर सुधारली. गालावर मांस आलं, हसायला लागली. आईनं फडताळ उघडून बघितलं तर डबा संपलेला. तिनं दोन आणि दोन चार केले. डब्यानं पोर वाचली, असं ती ओसरीवर बसून सांगायला लागली आणि गावभर झालं. बायका डबा बघायला आल्या. आईनं तो रिकामा डबा धुऊन त्यात मीठ ठेवलं होतं, तर त्या मिठाच्या डब्यालाही हात लावून बघायच्या. ज्यांची ऐपत होती त्यांनी चिखलीहून डबे मागवले, ज्यांची नव्हती त्यांनी उसनवारी करून मागवले. पलीकडच्या गल्लीतल्या एका घरात तान्ही मुलगी गेली, तर सगळे म्हणाले, डबा उशिरा आणला. तिची आई जेवत होती का, हे तिथंही कुणी विचारलं नाही.

मी वहिनीला म्हटलं, तू सांगत का नाहीस? ती तवा घासत होती. म्हणाली, "सांगतलं असतं तं माह्या वाटीवर झाकण पडलं असतं. डब्याले घेऊ दे नाव. मले खाऊ दे."

पुढं मी शिकले, शाळेत शिकवायला लागले. मुलींना समतोल आहाराचा धडा शिकवताना पुस्तकातल्या चित्रात सफरचंद, अंडी, दुधाचा पेला आणि हसरी आई असायची. आईच्या हातात पेला, आई तो मुलाला देतेय. मी तो धडा कधी सरळ शिकवू शकले नाही. मुलींना विचारायचे, तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं? सगळ्या वर्गाचं उत्तर एकच यायचं, आणि मुली हसायच्या, कारण एवढा सोपा प्रश्न बाईंनी विचारावा याची त्यांना गंमत वाटायची.

माझी तीच भाची मोठी झाली, लग्न झालं, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाबा तोवर गेले होते. आई थकलेली, भिंतीला टेकून बसायची. स्वयंपाकघर वहिनीच्या हातात होतं. मी भेटायला गेले तेव्हा भाची बाजेवर होती आणि वहिनी तिला भरड्याची खीर भरवत होती, गूळ आणि मेथ्या घालून. दर घासाला पोरगी नको म्हणायची आणि ही ऐकायची नाही. शेजारी सासरहून आलेली पिशवी पडली होती, तिच्यात पावडरचा नवा डबा. डब्यावरचं पोर वेगळं होतं, पण वळ्या त्याच. भाचीच्या सासूनं निरोप दिला होता की दूध कमी पडत असेल तर वेळ घालवू नका.

आईचे डोळे डब्यावर गेले तसे उजळले. भाचीला म्हणाली, दे बाई, तूही त्याच्यावरच वाढलीस. वहिनीनं इतकी वर्षं ऐकून सोडलं होतं. त्या दिवशीही सोडलं असतं. पण आई बोलत राहिली, आणि पुढचं जे बोलली ते मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दादाच्या आणि माझ्या मधल्या काळात तिची मुलं गेली होती, एवढंच मला उडत उडत माहीत होतं.

"माह्ये दोन गेले," आई म्हणाली. "दूधच नव्हतं मले. तवा डबा नव्हता ना, बाई."

इतकी वर्षं ते कॅलेंडर तिनं का काढू दिलं नाही, ते मला तेव्हा कळलं. तिच्यासाठी तो डबा म्हणजे तिच्या दोन पोरांचं न आलेलं औषध होतं. त्या कंपनीनं तिला दूध विकलं नव्हतं, तिच्या दुःखाला एक कारण विकलं होतं, आणि ते कारण खोटं होतं. माझा सगळा जन्म आईवर रागावण्यात गेला. तो राग त्या क्षणी कुठं ठेवावा ते मला कळेना. तो गेला नाही, नुसता मोठा झाला.

वहिनीनं खिरीची वाटी खाली ठेवली.

"आत्याबाई, डबा नव्हता म्हणून नाही गेले ते. तुमाले भाकर नव्हती."

आई तिच्याकडं बघत राहिली. रागावली नाही. काहीतरी आठवत असल्यासारखे तिचे ओठ हलत होते. मग मान हलवून, वहिनीची चूक दुरुस्त करावी तशी ती म्हणाली,

"होती नं. टोपल्यात एक होती."